सॅबी मास्टर आणि विदूषक

ब्रायन मागच्या दाराने यायला लागला, तेव्हाच रिटाच्या मनात पाल चुकचुकली होती.

पुढच्या बंगल्यातलं कुणी सहसा मागे येत नसे. बंगला तिच्या थोरल्या भावाचा, ॲन्सेल्मचा. वसईजवळच्या पापडीत केळीच्या वाडीला लागून त्यांच्या घराण्याचं, मच्याडोंचं, जुनं घर होतं; ते पाडून त्याने बंगला बांधला, पुढे टाइल्स लावल्या, गेटवर पाटी लावली. जुन्या घराची मागची पडवी तेवढी पाडायची राहिली होती. तिला मधे भिंत घालून दोन खोल्या झाल्या आणि त्यात रिटा राहायला लागली. नऊ वर्षांपूर्वी, त्र्याण्णव साली, तिथेच सेबेस्टियन येऊन राहिला.

सेबेस्टियन हा मधला भाऊ. रिटाहून तीन वर्षांनी मोठा आणि उंचीला तिच्या छातीपर्यंत. त्याचं डोकं, खांदे, हात भरदार पुरुषाचे; पाय मात्र सात वर्षांच्या मुलाइतके वाढून थांबलेले. वसईच्या मैदानात सर्कस उतरली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. बापाने आणि ॲन्सेल्मने त्याला सोबत नेऊन मॅनेजरसमोर उभं केलं होतं. पुढे घरात 'त्याला आवडच होती' असं म्हणायची पद्धत पडली, पण त्या दिवशी तो दाराची चौकट धरून बसला होता आणि त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली होती, हे रिटाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

एकतीस वर्षं तो तंबूत जोकर होता. परत आला तो गुडघे घेऊन नव्हे, गुडघेदुखी घेऊन आला. आणि एक शिलाईयंत्र. सर्कशीत जोकराला फक्त हसवायचं काम नसतं. पोशाख शिवायचे, टिकल्या टाचायच्या, तंबू फाटला की दाभण घेऊन बसायचं, सगळं त्याच्याकडे. तिथल्या शिंप्याच्या हाताखाली तो असा तयार झाला होता, की पापडीत आल्यावर वर्षभरात चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचे पांढरे फ्रॉक शिवण्यात त्याच्यासारखा कारागीर नाही असं बायका म्हणू लागल्या. यंत्राच्या पायपट्टीवर त्याने लाकडाचा ठोकळा बसवून घेतला होता. माप घेताना त्याला वाकावं लागत नसे. आठ वर्षांची पोर समोर उभी राहिली की दोघांचे डोळे एका रेषेत यायचे, त्यामुळे पोरी त्याला लाजत नसत.

सुरुवातीला गल्लीतली पोरं 'जोकर, जोकर' करत मागे लागायची. मग त्यांच्याच बहिणींचे फ्रॉक इथून जायला लागले आणि त्यांच्या आया घरी पोरांना दटावायला लागल्या. हळूहळू 'सॅबी मास्टर' झालं. मग नुसतंच 'मास्टर'. रिटाला ते कानाला फार गोड लागायचं. दारात कुणी 'मास्टर आहेत का?' म्हटलं, की ती हातातलं काम टाकून उगीचच 'आहेत ना, या' म्हणायला पुढे व्हायची. आयुष्यात भावाला इतकंच मिळालं होतं, आणि ते त्याचं त्याने मिळवलं होतं.

आणि आता ॲन्सेल्मचा मुलगा ब्रायन मागच्या दारी येऊन बसत होता.

ब्रायन एकोणतीस वर्षांचा, शाळेत मराठी शिकवायचा. त्याच्या चार-पाच कथा दिवाळी अंकांत आल्या होत्या. झोळी लावायचा, दाढी ठेवायचा, आणि घरची बोली सोडून छापील मराठीत बोलायचा. रोज दुपारी शाळा सुटली की पायरीवर बसायचा आणि विचारायचा, "काका, सर्कशीतलं सांगा ना."

सेबेस्टियन खूश. बंगल्यातलं माणूस पहिल्यांदाच आपल्याकडे येऊन बसलंय, ऐकतंय! तो मशीन चालवता चालवता सांगत राहायचा. झुल्याच्या खेळानंतर जाळी काढून वाघाचा पिंजरा उभा करायला किती वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पब्लिक कसं धरून ठेवायचं. तोंडाला सफेदा खोबरेल तेलात कालवून कसा लावायचा. पडायचं कसं, आधी ढुंगण टेकवायचं आणि मग आवाज करायचा, पब्लिकला वाटतं आवाज पडल्याचा आहे.

"हसू किती वेळ टिकतं, माहीतंय?" तो एकदा म्हणाला. "जोरातलं हसू सात मोजेपर्यंत. नंतर खाली बसतं. तेवढं थांबायचं. थांबला नाय तर पुढचा आयटम मेला."

ब्रायन वहीत लिहून घ्यायचा. रिटा आत मासे साफ करता करता ऐकायची. महिन्याभराने एके दिवशी तो पेढे घेऊन आला. पुस्तक येतंय. कथा आणि ललितलेख. शीर्षकाचा लेख काकांवर. पुस्तकाचं नाव 'विदूषक'.

"म्हणजे जोकर," सेबेस्टियन म्हणाला.

"जोकर नाही काका! विदूषक. फार मोठा शब्द आहे तो. संस्कृत नाटकात विदूषक हा राजाचा मित्र असतो. राजाला खरं ऐकवायची हिंमत फक्त त्यालाच. बाहेरून खादाड, वेडाबागडा. पण आत सगळं जाणणारा."

"आमच्याकडं राजा नव्हता. मॅनेजर होता. तो पण मल्याळी. त्याला खरं सांगितलं तर बिऱ्हाड गुंडाळून स्टेशनवर."

"तुम्ही शब्दशः घेताय. जोकर म्हटलं की बाजारू वाटतं. विदूषक म्हटलं की खोली येते."

"खोल हाय तेच नको वाटतं रे. मला पोहता येत नाय."

ब्रायन हसला आणि तेही वहीत टिपून घेतलं. रिटाला ते पेन बघूनच कसंतरी झालं. मेलेल्या म्हावऱ्यावर माशी बसावी तसं ते पेन वहीवर बसायचं.

त्यानंतर आठवड्याने छपाईआधीचे कागद आले. ब्रायनला शुद्धलेखन तपासायला घाई होती. रिटा जुनी मॅट्रिक, तिचं अक्षर आणि भाषा दोन्ही चांगली, म्हणून तो तिच्याकडे देऊन गेला. सेबेस्टियन बाजारात गेला होता. रिटाने चष्मा लावला आणि विदूषकाचा लेख काढला.

पहिली तीन पानं तिला सहन झाली. रंगीबेरंगी तंबू, पेट्रोमॅक्स, एक बुटका मुलगा त्या उजेडाकडे ओढला जातो वगैरे. पाचव्या पानावर आई मरत होती. 'खेळ सुरू व्हायला दहा मिनिटं असताना तार आली. आई गेली. विदूषकाने तार घडी घालून खिशात ठेवली, तोंडाला रंग फासला आणि तो रिंगणात उतरला. त्या दिवशी तो असा हसवून गेला, की लोक खुर्च्यांवरून खाली पडले. रंगावरून ओघळलेलं पाणी घाम नव्हतं, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.'

रिटाने कागद खाली ठेवले. उठून तिने मोरीत चूळ भरली, तरी तोंडाची चव जाईना.

तार आलीच नव्हती. तार पाठवलीच नव्हती.

एकाहत्तर सालचा मे महिना होता तो. आगाशीकडच्या फ्लॉसीशी ॲन्सेल्मचं लग्न ठरलं होतं. मुलीच्या बापाला त्याने सांगितलं होतं, भावंडं दोनच: मी आणि धाकटी बहीण. मधला सांगितला असता तर घराण्यात बुटकेपणा आहे म्हणून त्यांनी हात मागे घेतला असता. अशात आई गेली. व्याही सगळे मातीला येणार. रिटा पोस्टात जायला निघाली, तर ॲन्सेल्मने तिचा दंड धरला. "आत्ता नाही. त्याला बघितलं तर सगळं मोडेल. आई काय परत येणार आहे?" बाप भिंतीकडे तोंड करून बसला होता. आईला पुरलं. सोळा दिवसांनी ॲन्सेल्मने रिटाला कागद दिला आणि मजकूर सांगितला. 'आई शांतपणे गेली. सर्व विधी नीट झाले. आता तू येऊन उपयोग नाही.' तेवीस वर्षांची रिटा. वळणदार अक्षरात तिने ते लिहिलं, 'उपयोग' मधला ऱ्हस्व 'उ'सुद्धा नीट काढला. मग स्वतः पेटीत टाकून आली.

सेबेस्टियनने त्याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता. तेव्हाही नाही आणि परत आल्यावरही नाही.

आणि ज्या घराने हे केलं, त्याच घरातल्या पोराने त्या जागी एक सुंदर तार घालून ठेवली होती. वर रंग, वर अश्रू. उकिरड्यावर शेवंती लावावी तशी.

दुसऱ्या दिवशी ब्रायन कागद न्यायला आला, तेव्हा सेबेस्टियन गिऱ्हाइकाकडे फ्रॉक पोचवायला गेला होता. रिटाने ब्रायनला आत बोलावून दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. आपल्या अक्षराचंही सांगितलं. आपण तीस वर्षं जे कुणाला बोललो नाही ते बोलतोय, हे ऐकून पोराचा चेहरा पडेल, निदान तो दोन मिनिटं गप्प बसेल, असं तिला वाटलं होतं.

ब्रायनचे डोळे चमकले.

"आत्या, हे तर जबरदस्त आहे! हे माझ्या तारेपेक्षा किती तरी... थांबा थांबा, पत्रात अगदी काय शब्द होते? 'येऊन उपयोग नाही'? वा!" आणि त्याने झोळीतून पेन काढलं.

रिटा त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, समोर पुतण्या नाही, मयताच्या घरी जेवायला कधी बसवतात ते विचारणारा कुणी पाव्हणा बसलाय.

"तुझ्या बापाने केलंय हे," ती म्हणाली.

पेन थांबलं. ते तोवर त्याच्या ध्यानात आलं नसावं.

दोन दिवसांनी तो परत आला, पण पायरीवर बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "पप्पांशी बोललो. त्यांना त्रास होईल. ब्लडप्रेशर आहे त्यांना. आणि आत्या, तसं बघितलं तर साहित्यातलं सत्य वेगळं असतं. तार हे एक प्रतीक आहे."

"मग ते पान काढून टाक."

"तेच पान तर लेखाचा प्राण आहे."

"निदान त्याच्यासमोर वाचू नकोस."

"बघतो," तो म्हणाला.

रिटाने सेबेस्टियनला काही सांगितलं नाही. ब्रायन 'बघतो' म्हणाला होता, त्यावर ती भरवसा ठेवून राहिली. मॅट्रिक पास बाईला 'बघतो' या शब्दाचा अर्थ कळायला हवा होता.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी चार वाजता एका साहित्य मंडळाच्या हॉलमध्ये प्रकाशन होतं. काकांनी जोकरच्या पोशाखात यावं असं ब्रायनचं म्हणणं होतं. त्याला सेबेस्टियनने ठाम नकार दिला. "चर्चमध्ये मिस्साला घालतो तेच कपडे घालणार." त्याने स्वतः शिवलेला पांढरा शर्ट, काळी पँट, केस तेल लावून चापून बसवलेले. रिटाला तो नवरदेवासारखा वाटला. हॉलमध्ये शिरताना दोन बायकांनी "मास्टर, या या" म्हटलं, तेव्हा तिचा जीव जरा भांड्यात पडला.

स्टेजवर पाच खुर्च्या. सेबेस्टियनच्या खुर्चीला पायरी म्हणून खाली वह्यांचा गठ्ठा ठेवला होता. पहिल्या रांगेत ॲन्सेल्म कोट घालून, शेजारी फ्लॉसी सोन्यात मढून. रिटा तिसऱ्या रांगेत कडेला बसली.

मुंबईहून पाहुणे आणले होते, प्राध्यापक श्रीरंग कुणीतरी. ते अर्धा तास बोलले. विदूषक शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. जगातल्या साहित्यात विदूषक कुठे कुठे येतो ते सांगितलं. विदूषक बोलतो तेव्हा सत्यच विनोदाचे कपडे घालून येतं, म्हणून आपण त्याच्या बोलण्यावर आधी हसायचं आणि मग रडायचं, असंही सांगितलं. "मित्रहो, आपण सगळेच विदूषक! आणि वर बसलेला तो परमेश्वर, तो रिंगमास्टर!"

टाळ्या पडल्या. सेबेस्टियन शेजारच्या खुर्चीकडे झुकून पुटपुटला. पण पुढ्यात माईक होता, तो चालू होता. "रिंगमास्टर वाघाला असतो. जोकरला नसतो."

हॉल खदखदून हसला. प्राध्यापकांनी कौतुकाने मान हलवली, "पाहा!" म्हणाले. रिटालाही हसू येणार होतं, पण लोकांचं हसणं ऐकून तिचं आतल्या आत विरलं.

मग सत्कार. शाल झाली, नारळ झाला. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "एरवी आपण फेटा बांधतो, पण आज एका विदूषकाचा सत्कार आहे, म्हणून खास..." आणि तबकातून निघाली ती उंच निमुळती टोपी. लाल-पिवळी, टोकाला गोंडा, टिकल्या चमचमणारी. कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट कल्पना किती छान म्हणून 'आहाहा' झालं. प्राध्यापकांनी दोन्ही हातांनी ती टोपी, एखाद्या राजाला मुकुट घालावा तशी, चापून बसवलेल्या केसांवर ठेवली. फोटोवाला म्हणाला, "काका, थोडं हसा."

सेबेस्टियन हसला. त्याला ती सवयच होती. एकतीस वर्षांचं हसू होतं ते, सांगितलं की यायचं. रिटाला इतकी शिसारी आली की तिने मान खाली घालून पदराच्या टोकाला पीळ भरला. तिच्या मागे एक पोरगं आईला विचारत होतं, "मम्मी, मास्टर जोकर आहेत?" आणि आई कुजबुजत होती, "हो रे, आधी होते ना."

नऊ वर्षं एका टोपीत गेली.

मग ब्रायन उठला. "पुस्तकातला एक उतारा वाचतो," म्हणाला. कुठला वाचणार हे रिटाला त्याने तोंड उघडण्याआधीच कळलं. खेळ सुरू व्हायला दहा मिनिटं असताना तार आली. त्याचा आवाज चांगला होता. बायकांनी रुमाल काढले. फ्लॉसीसुद्धा डोळे टिपत होती. जिच्या लग्नापायी ते सगळं झालं, ती. आणि ॲन्सेल्मने कपाळावर क्रूस केला.

रिटा भावाकडे बघत होती. टोपीखाली सेबेस्टियनचा चेहरा आधी नुसताच ऐकत होता. मग भुवया जवळ आल्या. अंगावर घातलेला फ्रॉक खांद्यात चुकला की त्याचा चेहरा असा व्हायचा.

वाचन संपलं. टाळ्या चालू असतानाच त्याने हात वर केला. "मला दोन शब्द बोलायचेत."

कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं, पण सगळ्यांना आनंदच झाला. तो खुर्चीवरून उतरला, माईकपाशी गेला. माईक त्याच्या डोक्याच्या फूटभर वर. मंडळाचा एक माणूस धावत आला, दांडा खाली करायला लागला, तो अडकला, खटकन एकदम खाली आला आणि टोपीच्या गोंड्याला लागला. हॉलमध्ये हशा.

सेबेस्टियन थांबला. हसू खाली बसल्यावर म्हणाला, "पुस्तकात एक चूक हाय."

हशा.

"तार आलीच नव्हती."

मोठा हशा. कुणीतरी "वा मास्टर!" ओरडलं.

"आई गेली ते मला सोळा दिवसांनी कळलं. पत्र आलं. मग मी दिवस मोजले मागे मागे. ती गेली त्या दिवशी आम्ही नाशिकला होतो. मालकाच्या पोराचा वाढदिवस होता. मी मटण खाल्लं. दोन वेळा मागून घेतलं."

लोक अक्षरशः खुर्च्यांवरून घसरले. एक माणूस गुडघ्यावर थापा मारत होता. प्राध्यापक डोळे पुसत शेजारच्याला सांगत होते, "बघा, हाच तो. हाच विदूषक." सेबेस्टियन टोपी घालून उभा होता, हात बाजूला, आणि त्याचे ओठ हलत होते. रिटाला वाटलं, तो रडू दाबतोय.

तिला राहवलं नाही. ती उठून उभी राहिली आणि माईकशिवाय, वाडीत हाळी घालावी तशा आवाजात म्हणाली, "हसू नका!"

हळूहळू माना वळल्या.

"तो खरं सांगतोय. पत्र मी लिहिलं. माझ्या हाताने. तू येऊ नकोस म्हणून लिहिलं. तार करू दिली नाही, कारण घरात लग्न ठरलं होतं आणि आमचा असा एक भाऊ आहे हे मुलीकडच्यांना सांगितलं नव्हतं." तिने लग्न कुणाचं ते सांगितलं नाही. पापडीत ते सांगायची गरज नव्हती. सगळ्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. फ्लॉसीचा रुमाल डोळ्यांपाशी तसाच राहिला होता.

तिच्या बोलण्यावर कुणी हसलं नाही. तिच्या डोक्यावर टोपी नव्हती.

ॲन्सेल्म उठला आणि मधल्या वाटेने बाहेर गेला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने घाईघाईने चहा-बटाटेवड्याची घोषणा केली. लोक वड्यांकडे वळले, हळू आवाजात बोलत. बटाटेवडे मात्र संपले.

दोघं चालत घरी निघाली. अजून ऊन होतं. टोपी सेबेस्टियनने स्टेजवरच्या खुर्चीवर ठेवली होती, शाल मात्र घेतली होती. अस्तराला चालेल म्हणाला. वाडीच्या बांधापाशी त्याने शाल दुसऱ्या खांद्यावर टाकली. मग म्हणाला, "मध्ये का घुसलीस?"

रिटा म्हणाली, "ते हसत होते तुला."

"हसू देत होतो. मी मोजत होतो. पाच झाले होते. सात झाले असते, हसू बसलं असतं, मग मी पुढचं बोलणार होतो. ते ऐकलं असतं त्यांनी. तू माझा आयटम मारलास."

"माझ्याने थांबवेना रे."

"तीस वर्षं थांबलीस की," तो म्हणाला.

तो रागाने नाही म्हणाला. फ्रॉकचं माप सांगावं तसं म्हणाला. रिटाला ऐकून बांधावर बसावंसं वाटलं, पण तो पुढे चालत राहिला, गुडघे सांभाळत, आणि तिला त्याच्या मागे जावं लागलं. पुढे तो काय बोलणार होता, हे तिने विचारलं नाही. त्यानेही कधी सांगितलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मागच्या दारी कुणी फिरकलं नाही. बंगल्यातून मागे येणारा पाण्याचा पाइप फ्लॉसीने बंद केला. रिटा विहिरीवरून पाणी आणायला लागली. गावात जो तो ॲन्सेल्मची बाजू घेत होता असं नाही; पण उगीच कशाला, म्हणून आयांनी फ्रॉक बाहेर बाजारात शिवायला टाकले. सेबेस्टियन यंत्राला तेल घालायचा, पुसायचा, परत तेल घालायचा. पोरं पुन्हा एकदा गल्लीतून ओरडून गेली. या वेळी शब्द सुधारला होता. "ए विदूषक!" शाळेत ब्रायन सरांचं पुस्तक पोरांकडून वाचून घेतलं होतं.

सोळाव्या दिवशी शेजारच्या आळीतली रोझलीन आली. मुलीला, सॅन्ड्राला, हाताला धरून; पिशवीत पांढरी सॅटिन. आधी बंगल्याच्या खिडकीकडे बघितलं आणि मग म्हणाली, "बाहेर शिवला हो रिटाबाय, काखेत फाटला. मास्टर घेतील का? कम्युनियन रविवारवर आलंय."

"घेतील," रिटा म्हणाली. नेहमीसारखी पुढे झाली नाही. आतूनच म्हणाली.

सेबेस्टियनने पोरीला उभं केलं, टेप काढली. पोरगी त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "अंकल, तुमच्या मम्मीचं तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"गप गं!" रोझलीन ओरडली.

"नाय सांगितलं," सेबेस्टियन म्हणाला. "हात वर कर."

त्याच दुपारी ब्रायनही आला. बापाशी त्याचं वाजलं होतं म्हणे. दाढी वाढली होती. पायरीवर बसला. मग म्हणाला, "आत्या, त्या दिवशीचं डोक्यातून जात नाही. तो हशा... आणि तुमचं उभं राहणं. मला वाटतं, ते लिहायला हवं. माझ्या विरुद्धच जाईल, पण लिहायला हवं."

रिटा मुडदुशा मासळी साफ करत होती. तिला वाटलं होतं आता किळस येऊन येऊन संपली असेल. ती संपली नव्हती. नवीकोरी आली.

"लिही," ती म्हणाली. "पण दंड कुणी धरला, मजकूर कुणी सांगितला, त्याचं नाव घालून लिही. लग्न कुणाचं, तेही घाल. आणि त्या बाईच्या पोटी कोण जन्मलं तेही."

ब्रायनने झोळीत हात घातला होता, तो तसाच राहिला.

"जमतंय?"

"बघतो," तो म्हणाला.

सेबेस्टियनने मशीन थांबवली. "ब्रायन, तू उजेडात बसलायस. सॅटिनवर दोरा दिसत नाय मला."

ब्रायन उठला. थोडा वेळ अंगणात उभा राहिला, मग पुढच्या दाराने बंगल्यात गेला. त्याने ते कधी लिहिलं नाही. मागच्या दारीही तो नंतर आला नाही. रिटाने माशांचं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं, हात राखेने तीनदा घासले, आणि सॅन्ड्राच्या फ्रॉकची घडी धरायला आत जाऊन बसली.